अर्धा समास

लेखापरीक्षेचा कागद उभा दुमडतात.
डाव्या अर्ध्यात आमचा प्रश्न,
उजवा अर्धा उत्तरासाठी कोरा.
एकतीस वर्षं मी डावीकडे लिहिते आहे.

बॅलार्ड इस्टेटला, चौथ्या मजल्यावर,
‘समन्वय’ राहायचा.
तीनशे बारा कोटी, सात खाती.
रेशनने दवाखान्याला ओळखावं, दवाखान्याने शाळेला,
माणसाने आपलं नाव एकदाच सांगावं
आणि सरकारने ते लक्षात ठेवावं,
एवढीच काय ती अपेक्षा.
सर्व्हरला उकडू नये म्हणून
भर मे महिन्यात कारकून स्वेटर घालून बसत.

दाराशी सागवानी फळा, त्यावर सोनेरी रंगात
संचालकांची नावं, कधीपासून कधीपर्यंत.
सहा वर्षांत पाच नावं.
रंगाऱ्याने पुढच्या चार ओळी आखून ठेवलेल्या,
त्याला अंदाज होता.

माझा पहिला प्रश्न साधा होता: प्रमुख कोण?
पहिले म्हणाले, धोरण माझं, अंमल खात्यांचा.
दुसऱ्यांनी काजूकतली पुढे केली.
तिसरे सिंगापूरला प्रशिक्षणाला गेले
आणि परतले ते मत्स्यव्यवसायात.
चौथ्यांचं फक्त रजेच्या अर्जातलं अक्षर पाहिलं मी.
सुरेख होतं.

वर एक सुकाणू समिती होती.
इतिवृत्तात: चर्चा झाली. नोंद घेतली. चहापान.
तिथल्या खिडकीतून गोदीतला एक गंजका टग दिसे.
त्याला सुकाणू होतं.

मी म्हटलं, मला एक माणूस दाखवा.
एकच. पहिल्या खात्यातून सातव्यात पोचलेला.
सल्लागार कंपनीच्या ऋत्विजने कळ दाबली.
पडद्यावर चक्र फिरत राहिलं.
धुरी शिपायाने पंख्याकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं.

पाचव्या होत्या वृंदा खानविलकर.
त्या म्हणाल्या, चला, जाऊन बघू.
सरकारी गाडी गोवंडीत एका गल्लीपाशी अडकली,
पुढे चालत.

शिधावाटपाच्या खोलीत निकहत मुल्ला,
कंत्राटी, महिना अकरा हजार.
दर शुक्रवारी इथली यादी पेनड्राइव्हवर घ्यायची,
ओढणीच्या टोकाला गाठ मारून
शेअर रिक्षाने दवाखान्यात न्यायची,
तिथल्या यंत्रात पुन्हा टंकायची,
हौसाबाईची हौशाबाई होऊ न देता.
कुणी सांगितलं हे करायला?
ती म्हणाली, कुणीच नाही.
लोक दोन-दोनदा रांगेत उभे राहतात ना, मॅडम.
रिक्षाचे पैसे? तिने फक्त मान हलवली.

तीनशे बारा कोटींचा पूल
त्या गाठीत बांधलेला होता.

खानविलकरांनी माझ्याच पेनने
उजव्या अर्ध्यात लिहिलं:
आक्षेप मान्य. जबाबदारी माझी.
तारीख, सही.
एकतीस वर्षांत ही दोन वाक्यं
मी एकत्र वाचली नव्हती.

तीन आठवड्यांनी रंगारी आला.

आणि निकहत?
नियमाने बघितलं तर गुन्हाच.
विनापरवाना माहिती बाहेर नेणं,
परिच्छेद चार पूर्णांक सात.
मी लिहिलं. लिहायलाच हवं होतं.
फक्त ‘एक कंत्राटी कर्मचारी’ एवढंच लिहिलं.

ज्या समितीला एका स्मरणपत्राचं उत्तर द्यायला
दोन वर्षं पुरली नाहीत,
तिचं उत्तर या वेळी त्याच दिवशी,
दुपारच्या जेवणाआधी आलं:
सदर कर्मचाऱ्याचे नाव तात्काळ कळवावे.

कागद माझ्या टेबलावर आहे.
ऑक्टोबरात मी निवृत्त होतेय.
आज शुक्रवार.
प्रश्न उजवीकडे,
डावा अर्धा कोरा,
आणि पेनाचं टोपण मी अजून काढलेलं नाही.